जुन्या ताडीची बरणी

बोईसर, १० जानेवारी १९६७
आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! पावाच्या कारखान्यानं यीस्ट तपासायला मला नेमलं, वर राहायला दोन खोल्याही दिल्या. तारापूरला अणुवीजघराचं बांधकाम चाललंय, तिथल्या कामगारांना रोज पाव लागतो. शेजारच्या गोदूबाई ताडी आणून देतात, त्यातलंच यीस्ट मी वाढवतो. मंगलाला लिहिलं, महिनाअखेरीला ये, समुद्राची हवा फुकट आहे. लग्नाला वर्षही झालं नाही, करमत नाही.

१६ जानेवारी
गंमत सापडली. यीस्टचे दाणे दाटीत असले की गोल, शहाण्यासारखे राहतात. अंगातून एक द्रव्य सोडतात, तेच त्यांना आवरून धरतं. धुऊन साखरपाण्यात एकटेदुकटे सोडले की लांब धागे काढून पसरत सुटतात. जुन्या ताडीत ते द्रव्य साचलेलं असतं, तिचे चार थेंब टाकले की गप्प. आमच्या भाऊबंदांवर असं काही चाललं असतं तर बरं झालं असतं.

२० जानेवारी
काच धुताना बोट कापलं. धुतलेले दाणे जखमेत गेले असावेत. नखाखाली दोऱ्यासारखी पांढरी रेघ दिसते. पालघरच्या डॉक्टरांनी मलम दिलं. गोदूबाई म्हणाल्या, "हात बांधू नका सायब, वारा लागला का बरा व्हईल. काय नाय."

२४ जानेवारी
मलम वाया गेलं. रेघा मनगटापर्यंत आल्या. हात जुन्या ताडीच्या बरणीत बुडवला, तेव्हा थांबल्या. ताज्या ताडीनं थांबत नाहीत, आणि जुनी एवढी एकच बरणी. मला भीती वाटते. मंगलाला तार केली, येऊ नकोस. तिला हे लागता कामा नये.

२७ जानेवारी
डाव्या हातानं लिहितोय. उजवा बरणीत. झोपेत बाहेर निघाला होता — बोटातून धागे — उशीत शिरले होते. ओढून तोडले. जे शिवेन त्यात —

२८ जानेवारी
मंगला आली. तार पोचलीच नाही. परत जा म्हटलं, जवळ येऊ नकोस. तापात बडबडतोय म्हणाली. ताप आहे खरा. औषध दिलं तिनं. डोळे मिटतायत —

संध्याकाळ
जाग आली. घर लख्ख. केवढा घाण वास येत होता म्हणे — ताडी मोरीत ओतली. बरणी राखेनं घासून पालथी घातलीय. खूश आहे.

माझा उजवा हात तिच्या मांडीवर. चोळतेय. सोड म्हणतो, सोडत नाही — बरं वाटेल म्हणते —

तिच्या बांगड्यांखाली पांढरी — मंगला, हात —