रुपयावरचा अंगठा

नाचणगाव,
ता. २७ ऑक्टोबर १९५७

ती. मनकर्णाताईस सदाशिवचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळी झाली असे म्हणायचे. सौ. जिजाने माझ्या नाण्यांच्या पेटीतला एक रुपया पूजेला म्हणून चिंच आणि राख लावून घासला. जुनी नाणी मी घासत नाही, हे तुला ठाऊक आहे. चांदी आधी पिवळी पडते, मग तांबूस, जांभळी, निळी आणि शेवटी काळी. त्याला वर्षे लागतात. आमच्या लहानग्या गुलाबने तापाने अंथरूण धरण्याआधी त्या रुपयावर अंगठा दाबला होता. तो गेल्यावर हळूहळू निळ्या रंगात त्या अंगठ्याच्या रेषा उमटल्या. त्याचा फोटो आम्ही कधी काढला नव्हता. मी रोज सकाळी तो रुपया बघत असे. आता तो पांढराफटक आहे.

जिजाशी माझे बोलणे नाही. तिला थोडे दिवस तुझ्याकडे ठेवून घे. धाकट्या भावावर माया असू दे.

सदाशिव

वर्धा,
ता. ६ नोव्हेंबर १९५७

चि. सदाशिवास अनेक आशीर्वाद.

जिजा पोचली. जेवत नव्हती, मी दटावून भाकरी खायला लावली. तू विचारले नाहीस, म्हणून मी विचारले. तिने रुपया पूजेसाठी घासला नाही. कडेचा काळा डाग उन्हाळ्यापासून आत सरकत होता. तुझे डोळे अधू, तुला तो दिसला नाही. तिला दिसला. म्हणाली, "काळं पसरून राह्यलं होतं, बाई. मले वाटलं काळं तेवढं निघन अन् बाळाचा अंगठा राहीन." जोडवी घासावीत तसा तिने तो घासला.

परगावच्या शौकिनांना बोलावून नाण्यांवर व्याख्याने देतोस, बायकोला मात्र पेटीला हात लावू देत नाहीस. मूल तिचेही होते. प्रकृतीस जप, आणि अक्कलही शाबूत ठेव.

ताई

नाचणगाव,
ता. ११ नोव्हेंबर १९५७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पुन्हा पुन्हा वाचले. जिजाला पाठव. घरात चूल पेटत नाही. रुपया मी पहिल्यासारखा कापडात ठेवला आहे. कडेला किंचित पिवळा दिसतो. रंग पुन्हा चढेल, तेव्हा अंगठाही वर येईल असे वाटते. रोज उघडून बघतो. जिजालाही तेवढे सांग. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

सदाशिव

वर्धा,
ता. १५ नोव्हेंबर १९५७

चि. सदाशिवास अनेक आशीर्वाद.

अंगठा वर येणार नाही. तो रंगाच्या थरातच होता, थर गेला, तो गेला. कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकले आहे, आणि तुलाही हे मनातून कळते.

अंगठा परत येईल का, हेच जिजाने मला विचारले होते. मी तिला खरे ते सांगितले. ती म्हणाली, "त्याइले सांगू नका, बाई." तरी मी लिहिते आहे, कारण नाहीतर तू जन्मभर त्या पेटीपाशी बसशील.

पुढच्या शनिवारी दुपारच्या गाडीने तिला पाठवते. पुलगाव स्टेशनवर ये. हे पत्र तिच्या हाती लागू न देता जाळून टाक. रोज सकाळी तिच्यासमोर पेटी उघड, आणि अजून काही दिसत नाही, एवढेच म्हण. तुझी आशा सुटली नाही असे तिला वाटू दे.

दोघांनाही माझे आशीर्वाद.

ताई