भट्टीच्या पंख्याचा लाल रंग

प्रिय आप्पा,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. उगाच खूश होऊ नका.

उद्या खंडेनवमी, तुम्ही गेल्यानंतरची पहिली. तुमचे जुने फिटर मारुतीमामा सकाळीच आपल्या फाउंड्रीत भट्टीचा पंखा खोलून, लाल ऑइलपेंटचा डबा घेऊन बसले होते. म्हणाले, "आप्पांचा नेम हाय, मोडायचा न्हाय." मी डबा काढून घेतला. ते रुसून घरी गेले. त्या म्हाताऱ्याला काय बोलायचं? म्हणून तुम्हालाच लिहितेय.

काय तो नेम! भट्टीला हवा देणारा पंखा दरवर्षी खोलायचा, भिंतीला उभा टेकवायचा आणि पात्यांवर रंगाचा नवा हात द्यायचा. जुना खरवडणं म्हणजे अपशकुन! ओला रंग ओघळून खालच्या पात्यांत साचायचा. एवढ्या वेगानं फिरणारं चाक एका अंगाला जरा जड झालं तरी बेअरिंगला हिसके बसतात, हे कुणी सांगायला हवं होतं का? सांगितलं होतं की! मीच सांगितलं होतं.

"कालची पोर मला पंखा शिकवती व्हय गं?" हे तुमचं उत्तर. हसायला तुमचे हुजरे होतेच.

दसरा सरला की पंखा थरथरायला लागायचा. पाया हादरला, बोल्ट आवळा. बेअरिंग तापलं, ग्रीस भरा. एवढ्यानं भागलं नाही तर लिंबू-मिरची बांधा, कारण शेजारच्या फाउंड्रीवाल्याची दृष्ट लागली म्हणे! त्या बिचाऱ्याला स्वतःच्या भट्टीतनं डोकं वर काढायला सवड नव्हती. तो तुमचा पंखा कधी बघणार?

शेवटी पातं तुटलं. वेल्डिंगपाशी चिरत गेलेलं ते पातं पंख्यावरचा पत्रा फोडून बाहेर आलं आणि अण्णाचा उजवा हात कोपरापासून गेला. तुमचा थोरला मुलगा, आप्पा! दवाखान्याच्या पायरीवर बसून तुम्ही म्हणालात, "औंदा नारळच चांगला निघाला न्हाय." मला तिथंच तुमची किळस आली. अजून गेलेली नाही.

नवा पंखा आला. पुढच्या खंडेनवमीला तुम्ही त्यालाही रंग दिलात! लाज कशी वाटली नाही? अण्णानं त्यानंतर फाउंड्रीत पाऊल टाकलं नाही, तर "भित्रा हाय" म्हणून गावभर सांगत फिरलात. आणि स्वतः झोपेत, सुखानं गेलात.

आज मी रंग खरवडला. एकावर एक साचलेल्या खपल्या निघाल्या. मग पंखा आपल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्याच एका बॅलन्सिंगवाल्याकडे नेला. त्यानं तो यंत्रावर फिरवून जड बाजू शोधली आणि समोरच्या अंगाला लोखंडाचा छोटा तुकडा वेल्ड केला. चहा थंड व्हायच्या आत काम झालं.

पंखा बसवून अण्णाला बोलावलं. तो फाटकातच थांबला. "चालू कर बघू," म्हणाला. पंखा वेगात आला. बऱ्याच वेळानं अण्णा आत आला आणि त्यानं बेअरिंगच्या पेटीवर डावा हात ठेवला.

"हलतच न्हाय गं," म्हणाला. मग ढसाढसा रडत त्यानं विचारलं, "एवढंच करायचं हुतं व्हय?"

पूजा उद्या होईल. फुलं पायाशी वाहू, पात्यांना कुणी बोट लावणार नाही. तुमच्या फोटोलाही हार घालीन, जनाच्या लाजेनं. पण एक वचन देते. अण्णाच्या त्या प्रश्नाला तुमच्या वतीनं मी कधीही उत्तर देणार नाही.

तुमचीच मुलगी, इलाज नाही,
सुनंदा