रोस्लानने मागितलेली माफी

प्रिय दादा,

पाच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. फोटोला हार घातला, वर्षश्राद्धाला गुरुजी बोलावले, पण तुझ्याशी बोलायची वेळ आली की मी काहीतरी काम काढायचे. आज लिहितेय, कारण काल दुपारी रोस्लान माझ्या घरी आला आणि त्याने माझी माफी मागितली.

हो, तोच. जोहोरचा, निळ्या हेल्मेटवाला. मरीन परेडच्या या फ्लॅटचा एसी साफ करायला कंपनी दर तीन महिन्यांनी माणूस पाठवते. काल नवा माणूस आला. दार उघडलं तर डाव्या भुवईपासून केसांपर्यंत गेलेला तो व्रण! मी क्षणात ओळखलं. का नाही ओळखणार? तो व्रण मीच केलाय.

त्याने मला ओळखलं नाही. शिडी उघडली, दोन पायऱ्या चढला, आणि मग भिंतीवर तुझा फोटो दिसला. तसाच खाली उतरला.

थांब, क्रमाने सांगते. भांडणाची गोष्ट मी नेहमी शेवटाकडून सांगते असं तूच म्हणायचास ना!

सार्सच्या साथीचं वर्ष सरल्यावर तू मला पहिल्यांदा त्या ट्रॅकवर नेलंस. तू तुआसच्या जहाजांच्या यार्डात वेल्डिंग इन्स्पेक्टर, मी बँकेत अकाउंटंट, दोघंही पुणं सोडून आलेले. बाकीची मराठी मंडळी रविवारी ईस्ट कोस्टला सायकली चालवायची, एकमेकांकडे पोहे खायला जायची. तू मला कॉजवे ओलांडून पलीकडच्या देशात, जोहोरच्या पामच्या बागांत घेऊन गेलास. तिथे लाल मातीचा लंबगोल ट्रॅक, भोवती लाकडी फळ्यांचं कुंपण आणि आत चार मोटरसायकली. गिअर एकच, ब्रेक अजिबात नाहीत.

"ब्रेकच नाहीत?" मी ओरडले.

"असते तर कुणीतरी दाबले असते," तू शांतपणे म्हणालास.

चार फेऱ्यांची एक हीट, जेमतेम मिनिटभराचा खेळ. पण काय मिनिट असायचं ते! चौघं एकाच वळणात मोटरसायकली आडव्या टाकायचे, डावा पाय जमिनीवर घासत, आणि मागच्या चाकांनी उडवलेली माती आमच्या तोंडात जायची. हवेत एरंडेलाचा वास. आईने लहानपणी नाक दाबून पाजलेलं एरंडेल तू पुढे त्या इंजिनाला किती मायेने पाजायचास!

खोटं कशाला बोलू, मला पडझड आवडायची. आठवडाभर बँकेत येस सर, नो सर करून अंगात जे साचायचं ते तिथे बाहेर पडायचं. माणूस कुंपणावर आदळला की फळी मोडल्याचा आवाज आणि हाड मोडल्याचा आवाज मला वेगवेगळे ओळखता यायला लागले होते. एकदा एकजण तोंडातलं रक्त थुंकत उठला, स्वतःचा दात हातमोज्यात धरून, आणि मी बाकावर चढून शिट्टी मारली. आता शरम वाटते. तेव्हा मात्र घसा बसेपर्यंत ओरडत होते.

तू वर्षभर नुसतं बघितलंस आणि मग चालवायलाच लागलास. वळणात घासायचा डाव्या पायाचा लोखंडी जोडा यार्डात स्वतःच्या हाताने वेल्ड केलास. रोस्लान तुझा रोजचा प्रतिस्पर्धी, आणि जेवायच्या वेळी तुझाच मित्र. घरून नासी लेमाक, तो नारळाच्या दुधातला भात, बांधून आणायचा. मलय लोक ताईला 'काक' म्हणतात, म्हणून तो मला काक म्हणायचा, आणि तू लगेच कावळीण म्हणून मोकळा!

आणि ती दोरी. हँडलला लावलेल्या खुंटीची दोरी चालवणाऱ्याच्या उजव्या मनगटाला बांधायची. माणूस पडला की दोरी ताणली जाते, खुंटी निघते आणि इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं. ब्रेक नसलेल्या गाडीला तेवढाच काय तो आधार. जाड हातमोज्यांमुळे स्वतःची गाठ स्वतःला मारता यायची नाही. पहिल्या दिवशी मी बांधली आणि तू जिंकलास. झालं! तेव्हापासून दुसऱ्या कुणी बांधलेली तुला चालेना. "राखी वर्षातून एकदा असते, इथे दर हीटला हात पुढे!" असं मी म्हणायचे. तू म्हणायचास, "ओवाळणी मागू नकोस म्हणजे झालं."

पाच वर्षांपूर्वीच्या त्या शेवटच्या रविवारी माझ्या मागे बसलेला एक माणूस सारखा ओरडत होता. "दिस इंडियन ओन्ली नो हाउ टु फॉल डाउन, लाह!" दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा मी हातातली गरम कॉफी त्याच्या छातीवर ओतली आणि तो उठला तसं छत्रीने हाणलं. छत्रीची काडी मोडली. मला अजूनही वाटतं की तो त्याच लायकीचा होता.

तू गाड्यांच्या पिटमधून धावत आलास. मला वाटलं, शाबासकी देशील. तू दंड धरून मला सगळ्यांसमोर त्याच्यापुढे उभं केलंस. "आधी याची माफी माग. नाहीतर पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही."

मागितली. दात आवळून. अंगाची नुसती लाही होत होती दादा! माझ्या बाजूने कधी नव्हे ते एकदा उभं राहायला काय जात होतं तुझं?

दहा मिनिटांनी तू नेहमीसारखा हात पुढे केलास. "वृंदे, बांध गं. हीट लागली."

"ज्याची माफी मागायला लावलीस, त्याच्याकडून बांधून घे."

तू हसलास. दोरीचं टोक हातमोज्यात खोचलंस आणि गेलास. सुटायच्या जागी तपासणारा म्हातारा दोरी दिसते का एवढंच बघायचा. ती दिसत होती. ती बांधलेली नाही हे तिथे फक्त दोघांना माहीत होतं. तुला आणि मला.

मी हाक मारू शकले असते. कुंपणापासून तू दहा पावलांवर होतास. मी तोंड फिरवलं.

पण तू का गेलास रे? शेजारी तीन माणसं रिकामी उभी होती, एकाला तरी हात दाखवायचास! मला खिजवायला गेलास? की मी शेवटी येईनच धावत, अशी खात्री होती?

दुसऱ्या फेरीत रोस्लानचं पुढचं चाक तुझ्या मागच्या चाकाला लागलं. तसं ते दर रविवारी कुणाचं ना कुणाचं लागायचं. तू पडलासही व्यवस्थित, अंग आवळून, शंभरदा पडला होतास तसा. तुझ्यावर गाडी जाऊ नये म्हणून रोस्लानने स्वतःची सरळ कुंपणात घातली. तिथेच सगळं संपायला हवं होतं. पण तुझी मोटरसायकल बंद पडलीच नाही. ती आडवी पडून पूर्ण जोरात किंचाळत स्वतःभोवती फिरली आणि परत तुझ्यावर आली. एकदा छातीवर. मग मानेवर.

मी कुंपणावरून उडी मारली आणि खुंटी उपटली. इंजिन थांबलं. लोक नंतर म्हणाले, काय धाडसाची बहीण!

रोस्लान हेल्मेट फेकून तुझ्याजवळ गुडघ्यांवर बसला होता. तुझं डोकं दोन्ही हातांत धरून म्हणत होता, "डोंट मूव्ह, ब्रो, डोंट मूव्ह." माझ्या पायाशी तुझा लोखंडी जोडा सुटून पडला होता. मी तो उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. हाडावर लोखंड बसल्याचा आवाज आला. रक्त त्याच्या डोळ्यांत, तुझ्या शर्टावर, माझ्या हातांवर. मी पुन्हा मारला. "ही किल्ड हिम!" मी ओरडले, इंग्रजीत, सगळ्यांना कळावं म्हणून. मग लोक कुंपण तोडून आले आणि त्यांनी त्याला लाथांनी तुडवलं. त्याने हात उचलला नाही. तुझं डोकंही सोडलं नाही, कुणीतरी ओढून नेईपर्यंत.

पोलिसांना त्याने सांगितलं की कपाळ पडताना फुटलं. माझं नाव घेतलं नाही. मीही दोरीचं नाव घेतलं नाही. पुन्हा त्या ट्रॅकवर त्याला कुणी येऊ दिलं नाही, असं कानावर आलं. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, दादा! इतकी मी खोटं बोलले होते की माझा मलाच त्यावर विश्वास बसला होता. आई अजून पुण्याहून दर फोनवर त्याला तळतळून शिव्याशाप देते आणि मी "हो आई, हो आई" करते.

आणि काल तो तुझ्या फोटोसमोर टोपी काढून उभा राहिला. मग माझ्याकडे वळला. ओळख पटली तसा त्याचा चेहरा उतरला.

"काक," तो म्हणाला, "एव्हरी डे आय थिंक. माय व्हील टच हिज व्हील. आय किल युवर ब्रदर. सॉरी, काक. प्लीज, फर्गिव्ह मी."

आणि मी काय केलं असेल? मी मान हलवली. हो म्हणाले! मी त्याला माफ केलं, दादा! मी! तो रडला. मग शिडीवर चढून त्याने एसी नीट साफ केला, खाली सांडलेलं पाणीही पुसलं, आणि गेला.

त्याच्यामागे दार लावून मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले आणि स्वतःच्या दोन थोबाडीत मारल्या. तोंड झणझणलं, पण आत काही हललं नाही.

म्हणून आता ऐक. हे पत्र संपलं की आईला फोन करणार आहे. तिचे शाप चुकीच्या माणसाला लागतायत, तेवढे माझ्याकडे वळव म्हणून सांगणार. शनिवारी सकाळी सेम्बावांगला जाणार. त्याच्या कंपनीचं ऑफिस तिथे आहे, कार्ड समोर ठेवलंय. त्याच्या सोबत्यांसमोर त्याला सांगणार: "रोस्लान, तू मारलं नाहीस. गाठ मी बांधली नाही. ती बांधलेली नाही हे मला माहीत होतं, आणि तरी मी तुला फोडलं."

तो मारेल? मारू दे. चार माणसांत मारू दे, मी तोंड झाकणार नाही. मार खायची माझी तयारी आहे. भीती वेगळीच आहे, दादा. तो नुसता "इट्स ओके, काक" म्हणाला तर? तर तेही उभी राहून ऐकून घेईन. तिथून पळणार नाही. हे तुला वचन.

तुझी,
वृंदा