आईची उजवी बाजू

रामाकोना, शनिवार संध्याकाळ

आई आजही डाव्याच बाजूनं चावून राहिली. उजवीकडं मी केलेला दात आहे. महिना झाला बसवून, पण तिकडं घास जातच नाही. भाकर वरणात पार मऊ करून गिळते.

दुखतो का? नाही म्हणते. उंच लागतो का? तेही नाही. मग माझं काय चुकलं? पांढुर्ण्याच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचे दात करते, अन् घरचाच बिघडला? वरचा काचेसारखा पातळ थर मी स्वतः चढवला, भट्टीत भाजला. बारीक ओरखडे त्या थरानं भरून निघतात, म्हणून दात सहजी तडकत नाही. भट्टीतून निघाला तेव्हा काय चमकत होता! मग डावीकडंच का?

शेवटी चिडलेच. फुटाण्याची वाटी पुढं ठेवली.

"आई, उजवीकडून खा. माह्यासमोर."

"काहून वं मागं लागली? फुटला तं?"

"असा कसा फुटते?"

"तूच तं म्हटलं होतं, कपबशीवानी चिनीमातीचा हाये म्हणून. आपल्या घरी एक तरी कपबशी टिकली का?"

हो, मीच म्हटलं होतं. बसवायच्या आधी घाबरली होती, तिला समजावं म्हणून. आता त्या शब्दावर कोणता थर चढवू?

माझं तोंड उतरलेलं पाहून तिनं एक फुटाणा उचलला, माझ्याकडं पाहून हसली, अन् तोंडात टाकला. डावीकडं.