पाचवा लॉर्ड मॅरिक

२२ एप्रिल १९१८, टार्नशॉ हॉल

दुपारी पोचलो. स्टेशनावर अर्लसाहेबांची घोडागाडी हजर. घोडा माझ्याहून म्हातारा. खोलीत शेकोटी पेटलेली, खिडकीतून तळं दिसतं, तळ्यापलीकडे हरणं. सत्तेचाळीस वर्षांत निम्मं आयुष्य उमरावांची टर उडवून पोट भरलं. आता त्यांच्याच घरचा ससा खाऊन भरणार. ससा उत्तम होता.

सरकारनं गेल्या आठवड्यात भरतीचं वय पन्नासपर्यंत चढवलं. माझे गुडघे राष्ट्राला एकाएकी आठवले. मला लढाईला जायचं नाही. इतकं सरळ मी फक्त या वहीत लिहू शकतो. अर्ल ऑफ टार्नशॉ इथल्या, भरतीतून सूट देणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष आहेत. त्यांच्या शिकारी कुत्र्यांचा रखवालदार 'देशासाठी अपरिहार्य' ठरून सुटला, तसा मीही सुटणार. त्यांची चारही मुलं या युद्धात पडली. त्यांचा स्मृतिग्रंथ मी लिहायचा, आणि तो लिहून होईपर्यंत अपरिहार्य राहायचं. मी अतिशय सावकाश लिहिणार आहे.

२५ एप्रिल

कागदपत्रांच्या खोलीत तीन दिवस. अर्लच्या वारस मुलाला 'लॉर्ड मॅरिक' म्हणायचं, ही इथली रीत. थोरला ऑब्री पडल्याची तार आली त्याच सकाळी बटलर ऑकेंडननं दुसऱ्याला, लायनेलला, लॉर्ड मॅरिक म्हणून चहा नेऊन दिला. लायनेलनंतर जर्व्हेस. जर्व्हेसनंतर धाकटा पिअर्स. चौघांची पत्रं एकाच नावाच्या खणात आहेत, आणि सगळ्यांखाली सही एकच: मॅरिक. कुठलं कोणाचं हे ओळखायला मला चिखलाच्या डागांचा आधार घ्यावा लागतो.

जेवायला इथे मानाप्रमाणे रांगेत जातात. पुढे अर्ल आणि बाईसाहेब, मग पाद्री पम्फ्री, शेवटी मी. लेखकाची जागा कुत्र्याच्या जरा आधी. गंमत म्हणजे बाईसाहेब आत गेल्या तरी ऑकेंडन हात आडवा धरून पाद्र्याला थांबवतो. चार माणसं आरामात जातील इतका वेळ. मग हात खाली घेतो. मी पाद्र्याला विचारलं, कुणाची वाट बघतो हा? ते म्हणाले की सवय होईल.

२९ एप्रिल

आज मी माती खाल्ली.

आडनाव माझंही थर्सबीच. योगायोग, असं मी आजवर छापील विनोद करून सांगत आलो. पण वंशवृक्ष मांडताना सापडलं की अर्लसाहेबांच्या पणजोबांचा घरातून हाकललेला धाकटा भाऊ, औषधं कुटून विकणारा, तो माझाच पणजोबा. मध्ये जे चुलतभाऊ होते त्यांच्या नावांपुढे इप्र, लूस, सॉम, सगळी रणांगणं. वरून खाली बोट फिरवत गेलो तर अर्लसाहेबांनंतर पहिला जिवंत पुरुष मी, म्हणजे वारस.

हा कागद शेकोटीत टाकायला हवा होता. उमरावांवर वीस वर्षं थुंकलेला मी तो घडी करून खिशात घालून जेवायला गेलो, आणि सुपाच्या वेळी सगळ्यांना दाखवला. कोणता इंग्रज दाखवणार नाही?

अर्लसाहेब बराच वेळ वाचत होते. बाईसाहेबांनी चमचा खाली ठेवला. माझ्याकडे त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिलं.

"म्हणजे तुम्ही आमचेच," त्या म्हणाल्या.

मला बरं वाटलं. ते लिहून ठेवतो, कारण ते लाजिरवाणं आहे.

१ मे

सकाळचा चहा ऑकेंडननं स्वतः आणला. मला 'लॉर्ड मॅरिक' म्हणाला. मी त्याला नियम सांगितला: हा किताब मुलालाच लावतात, दूरच्या चुलत वारसाला नाही. त्यानं शांतपणे ऐकलं.

"तो नियम मुलं असतात तेव्हाचा, लॉर्डसाहेब."

जेवायला जाताना मला पाद्र्याच्या पुढे उभं केलं. बाईसाहेब आत गेल्या, ऑकेंडननं मला पुढे सोडलं आणि माझ्यामागे हात आडवा धरला. माझ्या पाठीमागे बूट वाजले. ओल्या, जड बुटांची पावलं, एकामागून एक. टेबलाशी पोचून वळलो. पाद्री उंबऱ्याबाहेरच होते. मधल्या गालिच्यावर पिवळ्या चिकणमातीचे ठसे. मोलकरणीनं ते पुसले. तिच्या कमरेला त्यासाठीचं फडकं खोचलेलं होतं.

पाद्री गोड पदार्थाला थांबले नाहीत. जाताना माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत होते.

४ मे

अर्लसाहेबांना भेटून भरतीतून सूट दिल्याचा कागद मागितला. त्यांनी तो माझ्यासमोर फाडला, रागानं नाही, जुनं पाकीट फाडावं तसा.

"मॅरिकनं कधी सूट मागितलेली नाही."

मी म्हणालो, मी हॉरेस थर्सबी आहे, तुमच्यावर हसून पैसे कमावणारा. ते म्हणाले की त्यांनी माझं सगळं वाचलंय. जर्व्हेस तर फार हसायचा. मग मी लाज सोडून सांगितलं की मी भित्रा आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पिअर्सही होता. अगदी तुमच्यासारखा. छान गेला तो."

ग्रंथात पिअर्सचं पान कोरं आहे. विचारलं तरी कुणी काही सांगत नाही.

६ मे

भर सकाळी पिशवी घेऊन निघालो. फाटकाशी आठ-दहा बायका उभ्या होत्या. फाटकवालीचा, मिसेस टिब्सचा, नवरा दुसऱ्या मॅरिकमागून गेला. बाकीच्यांचे इतरांमागून. लॉर्ड मॅरिक गेला की इस्टेटीवरचे त्याच्या मागे जायचे, ही इथली रीत.

सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. फाटक कुणी उघडेना. मी म्हटलं, बाई, मी तो नाही.

"आमच्या माणसाला बरं असं म्हणता आलं नाही, लॉर्डसाहेब," मिसेस टिब्स म्हणाली. "तो तुमच्या मागून गेला. आणि तुम्ही पिशवी घेऊन कुठं?"

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

परत आलो.

७ मे

पलंगावर गणवेश. माझ्या मापाचा. माप कुणी घेतलं नव्हतं. बुटांच्या तळाला आधीच ओली माती.

मंडळापुढे उभं केलं. अध्यक्षांनी नाव विचारलं. मी हॉरेस म्हणायला तोंड उघडलं आणि — सगळे मान डोलावत होते. मी काय म्हणालो ते मी ऐकलं. आवाज तरुण होता.

८ मे

जेवायला गेलो नाही. घंटा झाली. बूट दाराबाहेर येऊन थांबले. चार जोड. ठोठावत नाहीत. मोठ्या मानाच्या माणसाआधी निघायचं नसतं, म्हणून थांबतात.

फटीतून पाहिलं. भिंतीला पाठ लावून, दोन इकडे, दोन तिकडे. मधे मला वाट. धाकटा रडतोय. चेहरा नाही, तरी कळतं —

९ मे

गणवेश घातलाय. मी घातला नाही.

ऑकेंडननं जेवणघराची दोन्ही दारं उघडली. वही हातात, उभ्यानं लिहितोय. आत टेबल नाही. छत नाही. पाऊस, काटेरी तारा, ती पिवळी माती — अर्लसाहेब आणि बाईसाहेब बाजूला झाले. आज त्यांच्याही आधी मी. केवढा मान.

मागे चौघे. त्यांच्याही मागे इस्टेटीवरचे, टिब्स आणि ते सगळे, जिन्यापर्यंत. कुणी ढकलत नाही. घराणं सभ्य आहे. फक्त माझ्याआधी कुणाला पुढे जाता येत नाही, आणि मागे कुणाला सरता येत नाही, आणि धाकट्यानं मागून माझी बाही धरलीय, लहान मूल धरतं तशी, तो म्हणतोय, पायाखाली बघू नका, नुसतं —