आतल्या टायरची चीर

बाबा,

चावी शोधू नका, माझ्याकडे आहे. ट्रकला जॅक लावून मागचं आतलं टायर काढलंय आणि ते घेऊन दुकानात जातेय. त्याला बोटभर चीर आहे. बाकीच्यांची हवा टायर गार असतानाच मोजली, दोनांत कमी होती, भरली.

काल तुम्ही "सगळे टायर ठणठणीत" म्हणालात आणि मी चारचौघांत तुमच्यावर खेकसले. चुकलंच माझं. चीर तुम्हाला दिसलीच नव्हती, हे नंतर लक्षात आलं. मला आधी का नाही सांगितलंत?

अकरा वाजता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय, न्यायला येते. ट्रक विकायचं मनातही आणू नका. तुम्हाला नीट दिसेपर्यंत मी चालवेन. घाटात गिअर कधी बदलायचा, ते मात्र शेजारी बसून तुम्हीच सांगायचं.

चिमणी