तीन थेंब तेल

तीर्थस्वरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींनाही नमस्कार सांगा. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण तुमच्या मेहुण्यांनी, म्हणजे आमच्या तीर्थरूपांनी, क्षेमाचं काही शिल्लक ठेवलेलं नाही.

डोंगरातल्या शर्यतीत सायकल हाणणं हा माझा पंधरा वर्षांचा पेशा. (तुम्ही अजून लोकांना 'भाचा खेळात आहे' असं सांगता, जसा काही मी कॅरम खेळतो.) सहा-सहा तास चढ, दगड, चिखल, आणि जेवण म्हणजे खिशातली एक चिकट पुडी. आता माझं वय अडतीस. संघाचे व्यवस्थापक म्हणाले, या शर्यतीत पहिल्या तिघांत आलास तर पुढच्या मोसमात ठेवतो, नाहीतर राम राम. मी हे आईला सांगितलं आणि आईनं बाबांना. तिथंच घात झाला.

चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केलेला माणूस. आपलं बोलणं त्यांना दोनदा सांगावं लागतं, पण कोरड्या साखळीची कुरकुर दोन गल्ल्यांपलीकडून ऐकू येते. (शाळेत मला बक्षीस मिळालं तेव्हा ते बाहेर मुख्याध्यापकांच्या सायकलपाशी उकिडवे बसले होते.) आमचा नियम असा, की सायकलला मदत फक्त ठरलेल्या तंबूत. बाहेर कुणी बोट लावलं तर खेळाडू त्या शर्यतीतून बाद, आणि खेळाडूनंच मदत मागितली असेल तर वर्षभर बंदी. हे मी बाबांना तीनदा वाचून दाखवलं. तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "तेल कुठलं घालता?"

तर शेवटचा चढ, मी तिसरा. ओढा ओलांडताना साखळी धुऊन निघालेली, पायडल मारलं की नुसती रडतेय. आणि वळणावर झुडपाशेजारी, दुकानातला निळा डगला घालून, हातात तेलाची बुधली घेऊन आमचे तीर्थरूप हजर! तीन थेंब. साखळी गप्प झाली आणि मी तिसरा आलो. पण मी चौथऱ्यावर चढेपर्यंत बाबा खाली एका गृहस्थांना आपण मघाशी घातलेलं तेल कसं सरस आहे ते समजावत होते. ते गृहस्थ मुख्य पंच निघाले. मला खाली उतरवलं आणि हातातला पुष्पगुच्छसुद्धा काढून घेतला.

पंधरा वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरवलं की नाही सांगा. नऊ दिवस झाले, मी त्यांच्याशी बोलत नाही. एकाच टेबलावर जेवतो आणि मीठ आईमार्फत मागतो. तुम्ही नात्यानं मोठे, त्यांना एक खरमरीत पत्र लिहा.

तुमचा बाद झालेला भाचा

ता. क. काल व्यवस्थापकांचा फोन आला. बाद तर बाद, पाय अजून चालतात हे दिसलं, बंदी काही नाही, तेव्हा पुढच्या मोसमात ये म्हणाले. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

आणखी एक ता. क. खरमरीत पत्र लिहू नका. पंचांनी बाबांना विचारलं होतं, मुलानं मदत मागितली का. बाबा म्हणाले, "छे, तो कसला मागतोय. मीच आगाऊपणा करून आडवा गेलो." मामा, वर बुधली हातात होती असं लिहिलंय ते खोटं आहे. ती खिशात होती आणि ते हात मागे बांधून उभे होते, मी वाचून दाखवलं होतं तसे. मीच थांबलो आणि मीच म्हणालो, "बाबा, तेल." आता त्यांच्याकडे बघायचीच मला लाज वाटते.

शेवटचा ता. क. शनिवारी या, आणि तुमची जुनी सायकल आणा, न पुसता. बाबा दुकानात नुसते बसून असतात, गिऱ्हाइकाला उद्या या म्हणतात. पण तुमची ती साखळी ऐकली तर उठल्याशिवाय राहणार नाहीत. मग कुणालातरी मागचं चाक धरून बसावं लागेल. ते मी धरीन.